दोन डायलिसिसमधले पाणी

मंगळवारची सकाळ. डायलिसिस विभागाच्या दाराशी वजनकाटा असतो आणि खाटेवर जाण्याआधी प्रत्येकाला त्यावर उभे राहावे लागते. शनिवारी 58 किलोवर घरी गेलेले काका आज 62 भरतात. ‘काका, चार किलो?’ असे सिस्टरने विचारले की उत्तर ठरलेले, ‘पाणी मोजूनच प्यायलो हो.’

बरेचदा ते खरेही असते. फक्त मोजणीत वरण, ताक, चहा आणि कलिंगड धरलेले नसते. तीन दिवसांत कोणाच्या अंगावर चार किलो मांस चढत नाही. वाढते ते पाणी, लिटरला एक किलो या हिशेबाने. आधी ते पायांवर सूज म्हणून दिसते, मग फुप्फुसांत उतरते. रात्री आडवे झाले की धाप लागते, डोक्याखालच्या उशा वाढत जातात आणि शेवटी रुग्ण पहाटे खाटेच्या कडेला बसून राहतो. असे झाले तर पुढच्या वारीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

खरा गुन्हेगार मात्र पाण्याच्या आधी येतो. नॉर्मल सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत 9 ग्रॅम मीठ असते. शरीरही आपले पाणी साधारण तितकेच खारट ठेवते. मूत्रपिंड निकामी असताना आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात साठले की लिटरभर पाणी त्याच्यासोबत राहणारच. तहान लावून शरीर ते मागून घेते. म्हणून लोणचे-पापड खाणाऱ्याला ‘पाणी पिऊ नका’ असे सांगणे म्हणजे निव्वळ छळ आहे. दिवसभराचे मीठ सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढे. फरसाण, वडापावची चटणी, बेकरीची खारी यांतले मीठही त्यातच आले. सैंधव वेगळे नाही, तेही सोडियमच. ‘लो-सोडियम’ मीठ तर अधिक घातक. त्यात पोटॅशियम असते आणि ते वाढले तर हृदय थांबू शकते. मधुमेह्यांची तहान मात्र वाढलेल्या साखरेमुळेही असते, तिथे आधी साखर पाहावी.

साठलेले पाणी मशीन काढते, पण तिलाही मर्यादा आहे. तासाला किलोमागे 13 मिलीलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढू नये, असे सहसा मानतात. 58 किलोच्या माणसाचे चार तासांत साधारण तीन लिटर होतात. चौथा लिटर ओढायला गेले की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. त्यावर उपाय म्हणजे जास्त वेळ किंवा जादा डायलिसिस. नेमक्या त्याच दिवशी ‘अर्धा तास आधी सोडा, एसटी चुकेल’ अशी विनंती येते. एसटी खरोखरच चुकते, त्यामुळे नुसते रागावून भागत नाही.

पाणी किती, हे लघवीवर ठरते. चोवीस तासांची लघवी अधिक अर्धा लिटर, हा ढोबळ हिशेब. नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. सकाळी तेवढे पाणी बाटलीत भरावे. चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकावे. बाटली संपली की दिवस संपला. मोठ्या पेल्याऐवजी छोटी वाटी, तोंड कोरडे पडल्यास चूळ. बर्फही वितळून पाणीच होतो. घरात वजनकाटा असेल तर रोज सकाळी वजन लिहून ठेवावे.

एक गोष्ट रुग्णाच्या हातात नसते. डायलिसिसनंतरचे जे वजन योग्य मानले जाते, ते ‘ड्राय वेट’ कायमचे नसते. आजारपणात जेवण तुटते, दोन किलो मांस झडते आणि तेवढी जागा पाणी घेते. काटा 58 च दाखवतो. पण रक्तदाब चढलेला आणि रात्री धाप. अशा वेळी काकांना बोल लावण्यात अर्थ नाही. कार्डावरचे 58 खोडून हळूहळू 56 पर्यंत यावे लागते, आणि पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तर पुन्हा साडेछप्पन.