शिडाच्या नौकेची रात्र

उष्ण कटिबंधातील बेटांभोवती दिवसा फिरणारी शिडाची नौका संध्याकाळी शांत खाडीत नांगर टाकू शकते. परंतु एका बेटाकडून दूरच्या दुसऱ्या बेटाकडे जाताना रात्र भर समुद्रात काढावी लागते आणि तिची तयारी उजेडातच पूर्ण करावी लागते. प्रवाळाचे, म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांतून घडलेले खडक सूर्य माथ्यावर असतानाच पाण्याखाली स्पष्ट दिसतात, म्हणून त्यांच्यामधून बाहेर पडण्याची वेळ त्यानुसार ठरते. नांगरावर असताना सैल ठेवलेले सामान बांधणे, जेवण आधीच शिजवणे, अंधारापूर्वी शीड आखडून लहान करणे आणि प्रत्येकाने सुरक्षापट्टा दोरीने नौकेला जोडणे, ही कामे त्यानंतर येतात.

रात्री डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावला जातो, ज्यावरून इतर जहाजांना नौकेची दिशा कळते. पहारा सामान्यतः तीन-चार तासांच्या पाळ्यांत वाटला जातो.

एकट्या खलाशाला मात्र ही वाटणीच उपलब्ध नसते. नौदलाचे तत्कालीन कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. अशा प्रवासात धाडसाइतकेच महत्त्व सूर्यास्तापूर्वीच्या काटेकोर तयारीला असते.