लोणारचा उलटा डोंगर : आधी उतरण, मग दम काढणारा चढ, सरोवरात पायी जाण्याआधी हे वाचा

लोणार : सुट्टीच्या दिवशी मेहकर, सिंदखेडराजा, रिसोड, मंठा या भागातली बरीच मंडळी लोणारला येतात. काठावर उभं राहून फोटो काढायचा, धारेवर पाय धुवायचे, दैत्यसूदनाचं दर्शन घ्यायचं आणि चहा पिऊन परत. शाळेच्या पुस्तकात धडा होता, इन्स्टावर रील आहे, पण खाली उतरून सरोवराच्या पाण्यापर्यंत चालत गेलेली माणसं आपल्याच तालुक्यात कमी सापडतात. आणि जी जातात त्यातली बरीच चुकीच्या वेळी जातात.

चूक होण्याचं कारण साधं आहे. गड किंवा डोंगर चढताना दमलो की माणूस तिथूनच मागं फिरतो, परतीची वाट उताराची असते. लोणारात उलटं आहे. सकाळी ताज्या दमात, गप्पा मारत, हसत-खेळत उतरण होते. तळाशी देवळं पाहता पाहता ११ वाजतात. पाण्याची बाटली संपलेली असते, पोरं कंटाळलेली असतात, आणि चढ आता सुरू होतो. काठापासून तळापर्यंतची खोली साधारण १३५ मीटर आहे, म्हणजे ४०-४५ मजल्यांची इमारत जिन्याने चढण्यासारखं. त्यात हा भाग वाटीसारखा. चारी बाजूंनी कडा, वारा कमी लागतो, काळा दगड तापतो. मार्चनंतर दुपारी या चढावर धडधाकट माणसालाही चक्कर येऊ शकते.

म्हणून हिशेब उलटा धरा. काठावर परत किती वाजता यायचं ते आधी ठरवा, मग उतरायची वेळ. थंडीत सकाळी १० ते ११ पर्यंत वर आलेलं बरं. उन्हाळ्यात तर ९ च्या पुढं खाली थांबूच नका. हे अभयारण्य आहे, त्यामुळे आत जायची वेळ आणि नियम वन विभागाचे असतात, अधूनमधून बदलतातही. फाटकावर विचारूनच पाय टाका.

खाली जाणारी वाट

शहराच्या बाजूने, गोमुख म्हणजे धारेजवळून खाली जाता येतं. धारेचं पाणी बारमाही. भाविक तिथं आंघोळ करतात आणि तेच पाणी पुढं ओघळीने खाली सरोवराकडे जातं. सुरुवातीला पायऱ्या, मग दगड-मातीची पायवाट. उतारावर साग आणि इतर पानझडी झाडं, तळाजवळ गेलं की बाभूळ आणि वेडी बाभूळ. चपलेतून काटा आरपार जातो, तेव्हा बूट घालूनच जा. वानरं भरपूर आहेत आणि पिशवीचा आवाज त्यांना ओळखू येतो. मोर दिसतात, पायाजवळून घोरपड सरकली तर घाबरू नका.

उतरताना कड्याकडे नीट पाहा. काळ्या दगडाचे एकावर एक थर दिसतात. हे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर, आपल्या अख्ख्या दख्खनच्या पठाराखाली आहेत तेच. काठाजवळ मात्र हे थर सपाट नाहीत, ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. नांगराचा फाळ माती जशी बाजूला उचलून उलटी टाकतो, तसं इथं आकाशातून आलेल्या दगडाने जमिनीचं केलं. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या जागेची नोंद केली. पुढं दीडशे वर्षं वाद होता : हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा खड्डा? १९७३ मध्ये इथल्या दगडात मास्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. अशी काच बनायला लागतो तो दाब ज्वालामुखीत तयार होत नाही, उल्केच्या धडकेत होतो. वाद तिथं मिटला. वय किती, यावर मात्र आकडे बदलले. आधी ५० हजार वर्षं म्हणत. २०११ च्या सुमारास आर्गॉन वायूवर आधारित मोजणी झाली, ती साधारण ५ लाख ७० हजार वर्षं सांगते. गावातल्या फलकावर जुना आकडा दिसला तर गोंधळू नका.

तळाला पोचल्यावर पाण्याचा वास येतो. खारट, थोडा कुजकट. पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, पापडखार कालवल्यावर लागतं तसं. तुलना उगाच नाही. या सरोवराच्या काठावरून पूर्वी खरोखरच खार आणि मीठ काढलं जायचं. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतही इथल्या साबण आणि काच बनवण्याच्या सामानाचा उल्लेख आहे.

आत गेलेलं बाहेर येत नाही

पाणी खारं का? कारण या वाटीला बाहेर जायला तोंडच नाही. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, पण ओढा होऊन बाहेर पडत नाही. उन्हाने फक्त वाफ वर जाते, क्षार मागं राहतात. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे. या खाऱ्या पाण्यात स्पिरुलिनासारखे हिरवे सूक्ष्मजीव वाढतात, म्हणून सरोवर हिरवट दिसतं.

जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव वाढले, असं कारण निघालं. पाऊस पडला, पातळी वाढली, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी जागा.

आता प्रश्न उलटा आहे. गेल्या काही वर्षांत पाणी वाढलंय. काठावरची काही देवळं पाण्याने वेढली गेली आहेत आणि कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आल्याच्या बातम्या झाल्या. गोडं पाणी जास्त मिसळलं की खारटपणा उतरतो आणि खाऱ्यावर जगणाऱ्या जिवांची जागा जाते. चालणाऱ्यांसाठी याचा सरळ अर्थ असा : जुन्या व्हिडिओत दिसते ती काठाची वाट आज असेलच असं नाही. पूर्वी कोरड्या दिवसांत काठाकाठाने देवळं करत जाता यायचं. आता वाट पाण्यात शिरलेली दिसली तर चिखलातून पुढं जायचं धाडस करू नका, वरवर सुकलेल्या थराखाली पाय रुततो. सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट म्हातारी माणसं सांगतात, एका अंगाला गोड पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. ती विहीर पाहायची म्हणून पाण्यात उतरणं तर नकोच.

बाहेर वाट नाही, हे आपल्या वस्तूंनाही लागू आहे. नदीत टाकलेली बाटली निदान पुढच्या गावाला त्रास देते, इथली इथंच राहते. साबण, शाम्पूची पुडी, निर्माल्याची पिशवी, गुटख्याची रिकामी पाकिटं, सगळं तळाशी. धारेवर साबण लावून आंघोळ केली तरी ते पाणी शेवटी खालीच जातं. नवरात्रात कमळजेच्या यात्रेला बायाबापड्या मोठ्या संख्येने येतात, तेव्हा हे जास्त जाणवतं. ओटी जरूर भरा, प्लास्टिक मात्र परत वर आणा. भरलेल्या बाटलीपेक्षा रिकामी बाटली चढावर हलकीच लागते.

सोबत काय, आणि चक्कर आली तर

माणशी किमान दोन लिटर पाणी. त्यातलं अर्धं चढासाठी राखून ठेवा. सरोवराचं पाणी पिण्याजोगं नाही, तोंड धुवायलाही नको. गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ, डोक्याला रुमाल किंवा उपरणं. तळाशी मोबाईलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका, घरी किंवा काठावर थांबलेल्या माणसाला वेळ सांगून उतरा. कड्याला किंवा देवळाला मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथं धूर, अगरबत्ती, आरडाओरडा नको.

चढताना कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर उन्हाचा झटका समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने मान, काखा, अंग पुसत राहा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. एका माणसाने रेंज मिळेल तिथं जाऊन १०८ लावायचं. बीपी, दमा, गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने खाली जाऊच नये.

पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, फोटोही तेव्हाच छान येतात. पण शेवाळलेला दगड आणि ओली माती उतारावर पाय ठरू देत नाही. सर्वात चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

ज्यांना खाली जायचं नाही

काठावरून चालणं हाही अर्ध्या दिवसाचा छान बेत आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे पूर्ण फेरी सहा किलोमीटरच्या आसपास भरते. सगळी फेरी करायची तर वाट माहीत असलेला गावचा माणूस सोबत घ्या. नाहीतर शहराकडच्या बाजूने जमेल तेवढं चालून परत या, दृश्य तेच आहे.

आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी सपाटीवरचा रस्ता आहे. गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहायचं. लोणासुराला विष्णूने मारलं, त्या कथेचं हे देऊळ. भिंतीवरचं आणि छतावरचं कोरीवकाम मान वर करून सावकाश पाहावं. तिथून मोठ्या मारुतीला जायचं. इथला मारुती उभा नाही, आडवा आहे. हा दगड उल्केचाच, त्याच्याजवळ होकायंत्र हलतं, असं लोक सांगतात. मोबाईलमधलं होकायंत्र उघडून पोरं तिथं हमखास प्रयोग करतात. जवळच अंबर तळं आहे, धाकटं लोणार. हा खड्डा त्याच उल्केच्या तुकड्याने पडला की नाही, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. तळं उथळ आहे, उन्हाळ्यात पाणी नसलं तरी खोलगट जागा लगेच ओळखू येते.

मेहकरहून लोणार साधारण २५ किलोमीटर. खाली उतरायचं असेल तर पहिल्याच गाडीने निघा किंवा आदल्या रात्री मुक्कामाला या.