गिऱ्हाईकाला खुर्ची आहे, मग कामगाराला का नाही?

कोरेगावात सातारा-पंढरपूर रस्त्यानं एक फेरी मारा. गॅरेज, पंक्चरवाला, वेल्डिंग, शिलाई, कापड, बेकरी, चिकन सेंटर… एका शटरला लागून दुसरं शटर. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल अशाच गाळ्यांवर पेटते. ‘कामाच्या ठिकाणचं आरोग्य’ म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईची एसी ऑफिसं आठवतात. पण माणूस दिवसाचे दहा तास जिथे घालवतो, ती जागाच त्याची तब्येत घडवते किंवा बिघडवते. हे दहा बाय बाराच्या गाळ्यालाही तितकंच लागू आहे. कंबर धरली, दमा झाला की आपण डॉक्टर बदलतो, गाळ्याची मांडणी मात्र तीच ठेवतो. आमचं सांगणं एवढंच, की आधी मांडणी बघा.

शंभर वर्षांपूर्वीचा शेजारचा धडा

कोरेगाव स्टेशनात मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे आले. औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली, तेव्हा तो निवडुंगानं भरलेला ओसाड माळ होता. लोखंडी नांगराचा कारखाना काढतानाच त्यांनी कामगारांची घरं, पाणी, स्वच्छता आणि झाडं यांचाही विचार केला. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असा नियम केला. कामगाराची तब्येत हा कारखान्याच्या आखणीचाच भाग आहे, हे आपल्याच भागातल्या एका उद्योजकानं एवढ्या आधी ओळखलं होतं.

बसण्याचा हक्क

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकासाठी गादी असते, खुर्ची असते. कापड दाखवणारी मुलगी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत उभीच. तासन् तास उभं राहिल्यानं पायांतलं रक्त खालीच साचतं. पाय सुजतात, शिरा फुगतात, कंबर दुखते. केरळात कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यावर आवाज उठवला. 2018 मध्ये केरळनं दुकान कायद्यात बदल करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि 2021 मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. कारखान्यांसाठी तर ही तरतूद 1948 च्या कायद्यातच होती.

आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत दोन-तीनच माणसं असतात. तिथे तपासायला सहसा कोणी येत नाही. म्हणून जबाबदारी मालकावरच येते. काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवा आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायची मोकळीक द्या. स्टूल आहे, पण बसलं की सेठ डोळे वटारतो, असं असेल तर त्या स्टुलाचा काय उपयोग?

संडास, जो कोणी विचारत नाही

हा मुद्दा बोलायला अवघड, पण सगळ्यात गंभीर. गाळ्यात सोय नसली की पुरुष कुठेतरी जाऊन येतात. बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. दिवसभर लघवी दाबून धरतात. त्यातून जळजळ आणि वारंवार इन्फेक्शन होतं. पाणी कमी प्यायल्यानं मूतखड्याचा धोकाही वाढतो. आपली बहीण, मुलगी कामाला जात असेल तर पगाराआधी हा प्रश्न विचारा. यात लाज कसली? एकेका गाळ्याला परवडत नसेल तर शेजारच्या चार दुकानदारांनी मिळून एक स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास करावा, चावी सगळ्यांकडे ठेवावी आणि झाडलोटीचा खर्च वाटून घ्यावा.

हवा, उजेड, ऊन

गॅरेजमध्ये अर्धं शटर ओढून गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. वेल्डिंग दारापाशी करा आणि धूर तोंडावर न येता बाजूनं बाहेर जाईल असे उभे राहा. गॅल्व्हनाइज पत्र्याच्या धुरानं संध्याकाळी ताप भरतो, त्याला ‘थंडी वाजली’ म्हणून उडवू नका. बेकरीत पीठ कोरड्या झाडूनं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा, कारण पिठाच्या धुळीनं दमा जडतो.

शिलाईच्या मशीनवर सुईपाशी नीट उजेड हवा आणि स्टुलाऐवजी पाठ टेकायला आधार असलेली खुर्ची हवी. पत्र्याच्या शेडला उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा पांढरा हात मारला तर आतली धग कमी होते. हा खर्च फार नाही.

वेळेचीही मांडणी असते

नमाजसाठी जागा ठेवली, वजूला नळ दिला, तर तिथेच हात धुता येतात आणि कामगाराची पाठही दोन मिनिटं मोकळी होते. जो नमाज पढत नाही किंवा दुसऱ्या धर्माचा आहे, त्यालाही तेवढीच सुट्टी द्या. रमजानमध्ये भट्टीजवळचं जड काम पहाटे किंवा इफ्तारनंतर घ्या. कामगारावर ताकदीबाहेरचं ओझं टाकू नका, टाकलंच तर स्वतः हात लावा, ही आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तिची परीक्षा दुकानात होते.

आणि उस्तादांना एक विनंती. गॅरेजात शिकायला आलेला पोरगा ‘कंबर दुखते’ म्हणाला, तर ‘आम्हीही असंच शिकलो’ असं म्हणू नका. त्याची कंबर अजून चाळीस वर्षं चालायची आहे.

या आठवड्यात दुकान बंद करताना पाच गोष्टी बघा: बसायला काही आहे का, प्यायला पाणी आहे का, संडास किती लांब आहे, धूर कुठे जातो, उजेड कुठून येतो. मग यातलं सगळ्यात सोपं काम उद्याच करून टाका.