इंग्रजीच्या अभ्यासाची जागा

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं पालकवर्गापैकीं कोणी ना कोणी आम्हांस गांठून विचारतात, "सर, पोराच्या इंग्रजीला कोणचं पुस्तक घेऊं?" पुस्तकाचें नांव सांगणें सोपें आहे. परंतु अलीकडे आम्ही उलट प्रश्न करूं लागलों आहों : तें पुस्तक घरांत कोठें राहील? हा प्रश्न ऐकून कांहीं पालक हंसतात, कांहींस तो आगाऊपणाचा वाटतो. म्हणून त्याचा खुलासा येथें जरा सविस्तर करण्याचें योजिलें आहे.

इतर विषयांहून इंग्रजीची गोष्ट थोडी निराळी आहे. आपलें सोलापूर बहुभाषिक. पूर्व भागांतील पद्मशाली कुटुंबांतलें मूल घरांत तेलुगु बोलतें, गल्लींत मराठी. बाजारांत कन्नड व उर्दू त्याच्या कानांवर पडतात. या भाषांसाठीं त्यास निराळी बैठक लागत नाहीं. त्या त्याला चालतां चालतां मिळतात. इंग्रजी मात्र दुकानांच्या पाट्यांवर दिसते, कानांवर क्वचितच येते. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच ती शिकवूं लागले. तरी शाळेचा तास संपला कीं ती भाषा मुलाच्या दिवसांतून नाहींशी होते. घरांत तिला जेवढी जागा मिळेल, तेवढीच ती मुलाजवळ राहते.

हें आम्हांस शहाणपणानें कळलें नाहीं. एका चुकीनें कळलें. आठव्या इयत्तेंत एक विद्यार्थी होता. वहीवर तेलाचे डाग, पानें दुमडलेलीं, दहा शब्दांपैकीं चार चुकलेले. एके दिवशीं आम्हीं ती वही वर्गासमोर उंच धरली व ही वही आहे कीं भज्यांचा कागद, असें विचारलें. वर्ग हंसला. मुलगा कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत येईना, तेव्हां चौकशीस आम्ही त्याच्या घरीं गेलों.

पत्र्याचें छप्पर, पुढल्या अंगास टॉवेलाचे दोन यंत्रमाग, मागें एकच खोली. वडील मागावर उभे. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेली. मुलाचें दप्तर खिळ्याला टांगलेलें होतें, परंतु इंग्रजीचें पुस्तक तांदुळाच्या डब्यावर, वही चुलीजवळच्या फळीवर तेलाच्या बाटलीशेजारीं, आणि पेन धाकट्या भावाच्या हातांत. बसावयास जागा उंबरठ्याजवळ, तीहि पोटावर पालथें पडून. अभ्यासास आरंभ करण्यापूर्वींच बिचाऱ्याचीं पंधरा-वीस मिनिटें शोधाशोधींत जात. त्यांत मागांचा खडखडाट असा कीं स्वतः उच्चारलेला शब्दहि त्यास ऐकूं येऊं नये. आम्हांस चहा देण्यांत आला. तो घशाखालीं उतरेना. वर्गासमोर केलेली चूक वर्गासमोरच कबूल करणें भाग होतें. तो मुलगा परत आला त्या दिवशीं तें आम्हीं केलें, पण त्यासाठीं मनाची तयारी करावी लागली हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आतां त्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों, कारण त्यांतच बहुतेक सूचना येऊन जातात. वडिलांनीं प्रथम टेबलखुर्ची हप्त्यानें आणण्याची गोष्ट काढली. आम्हीं ती मोडून काढली. त्या खोलींत टेबल मावलें नसतें, आणि मावलें असतें तर आठवड्याच्या आंत त्यावर पातेलीं आलीं असतीं. त्याऐवजीं फळांचें एक लांकडी खोकें उलटें घालून बैठें मेज केलें. मांडी घालून बसल्यावर कोपर सहज टेकेल एवढी त्याची उंची असावी. त्याहून उंच असेल तर खांदे वर चढतात व हात लौकर दुखतो. खोकें अशा रीतीनें ठेविलें कीं तोंड भिंतीकडे आणि दिव्याचा उजेड डाव्या हाताकडून. म्हणजे लिहितांना आपल्याच हाताची सावली अक्षरांवर पडत नाहीं. डावखुऱ्या मुलानें अर्थातच उलट करावें. भिंतींतला एक कोनाडा रिकामा करून त्यांत पाठ्यपुस्तक, शब्दांची वही, निबंधाची वही, शब्दकोश व एक पेन एवढ्याच वस्तु ठेविल्या. मागाजवळच्या घरांत सुताचे तंतू सगळीकडे बसतात, म्हणून वर एक जुना टॉवेल. सोलापुरांत टॉवेलांस तोटा नाहीं!

कोनाड्यांत आणखी कांहीं ठेवूं नये, यावर आमचा कटाक्ष आहे. जागा नीटनेटकी असावी ती पाहुण्यांनीं वाखाणण्यासाठीं नव्हे. मूल बसलें व हात पुढें केला कीं हवी ती वस्तु हातीं यावी, एवढाच तिचा हेतु. परकी भाषा शिकणाऱ्याचें मन पहिल्या पांच मिनिटांत पळवाट शोधीत असतें. पेन सांपडत नाहीं ही त्यास मिळालेली उत्तम सबब होय.

शब्दकोश हाताच्या अंतरावर असावा, असें आम्ही विशेष आग्रहानें म्हणतों. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला; तेव्हांपासून मराठी मुलाच्या हातीं हें साधन आहे. कोश कपाटावर असला कीं मूल अर्थ अंदाजानें ठरवितें, आणि चुकीचा अर्थ एकदां मनांत बसला म्हणजे तो काढणें फार कठीण. आजकाल मोबाइलवर शब्दाचा अर्थ मिळतो, उच्चारहि ऐकतां येतो. उच्चारासाठीं त्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां तर तोच आमचा वर्ग झाला होता. परंतु तो खोक्यावर ठेवूं नये. अडलेले शब्द वहींत लिहून ठेवावेत आणि शेवटीं पांच मिनिटें तो मागून घेऊन सगळे उच्चार एकदम ऐकावेत.

जागा झाली, पण आवाजाचें काय? गणित मुकाट्यानें होतें, इंग्रजी तशी होत नाहीं. जीभ वळली पाहिजे व आपला आवाज आपल्या कानांस ऐकूं आला पाहिजे. आणि मोठ्यानें वाचूं लागलें कीं भावंडें वेडावतात, शेजारी "साहेब आले" म्हणतात. आम्हांस वाटतें, पुष्कळ मुलांची इंग्रजी बुद्धीच्या अभावीं अडत नाहीं. ती या हंसण्यानें अडते. वर्गांत हंसविणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें वर आलेंच आहे. त्या वडिलांनीं यावर उपाय केला. पहाटे साडेपांच ते सहा माग सुरूं करावयाचे नाहींत व मुलाच्या वाचनावर कोणी हंसावयाचें नाहीं, असा त्यांनीं घरांत नियम घातला. रोजच्या उत्पन्नांतून अर्धा तास देणें त्या घरास हलकें नव्हतें. पहाटेची वेळ उन्हाळ्यांतहि सोयीची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां पत्र्याखालीं दुपारीं बसणें अशक्यच. आई विड्या वळीत शेजारीं बसे व ऐके. तिला इंग्रजीचें एक अक्षर येत नव्हतें, पण मुलगा कोठें अडखळला तें ती अचूक सांगे, "तितं परत वाच." अडखळणें ओळखावयास ती भाषा यावी लागत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या दाटींत खोकें ठेवावयासहि जागा नसेल तर? अशा वेळीं आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतों. त्यांचें कुटुंब सातारा सोडून मुंबईस आलें व परळास चाळींतील एका खोलींत राहूं लागलें. भांडींकुंडीं, सरपण, धूर आणि माणसें, सर्व तेथेंच. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत शिक्षक होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनींच मुलाकडून करून घेतली होती. ते मुलास लौकर निजवीत, स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्यास उठवून त्याच्या जागीं आपण आडवे होत. एवढी एकच जागा होती. ती बापलेकांनीं घड्याळावर वांटून घेतली. त्या खोलींतून एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊन बाबासाहेब १९०७ सालीं मॅट्रिक झाले, आणि पुढें त्यांनीं दादरास 'राजगृह' बांधलें तें मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठीं. दिवसभर कष्ट करणाऱ्या पालकांनीं दोन वाजेपर्यंत जागावें, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र खोलीचा तुकडा देतां येत नसेल तर दिवसाचा तुकडा देतां येतो, आणि शहरांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखीं ठिकाणेंहि आहेत. तेथें मोठ्यानें वाचतां येत नाहीं, पण लिहितां येतें.

तो मुलगा वार्षिक परीक्षेंत इंग्रजींत पहिला वगैरे आला नाहीं. उत्तीर्ण झाला, आणि वर्गांत वाचावयास उभा राहूं लागला. आतां तो कॉलेजांत आहे. परवां आम्ही त्या घरावरून जात होतों, तों आंतून हांक आली. खोकें तेथेंच होतें. त्यापुढें त्याची धाकटी बहीण बसली होती, आणि कोनाड्यावर खडूनें मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिचें नांव लिहिलेलें होतें. त्यांतलें एक अक्षर उलटें होतें.