चाळणीतला अर्ज

नोकरीचा अर्ज मोठ्या कंपन्यांत साहेबाच्या टेबलावर जाण्याआधी बहुतेकदा संगणकाच्या चाळणीतून जातो. यंत्राला आपपरभाव नसतो, असा समज आहे. अ‍ॅमेझॉनचा अनुभव वेगळा. २०१४ पासून तिथे अर्जांना १ ते ५ तारे देणारी प्रणाली घडवली जात होती. शिकवणीला १० वर्षांचे जुने अर्ज, तेही बहुतांश पुरुषांचे. मग ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ अशा ओळीतला ‘महिला’ शब्द दिसला की यंत्र गुण कापू लागलं. कंपनीने तो प्रयोग गुंडाळला. २०१८ मध्ये बातमी फुटली. माणूसही पक्षपात करतोच, हे खरं. पण एका साहेबाचा आकस त्याच्या टेबलापुरता. यंत्राचा मात्र आलेल्या प्रत्येक अर्जाला लागतो, आणि वगळलेल्याला कारण विचारायला समोर कुणी नसतं.