गुडघ्यातली भरती-ओहोटी

राईहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. रोज पहाटे भाईंदर-उत्तन रस्त्यावर त्या चार-पाच किलोमीटर धावतात. सासूबाईंचं म्हणणं, ‘पुरे गं आता, गुडघे झिजतील!’

सगळा घोळ या ‘झिजतील’मध्ये आहे. सहाण झिजते, चप्पल झिजते. गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत, मग ती जेवते कशी? राईकरांना मिठागरावरून सांगतो. भरती आली की खाडीचं पाणी आत घेतात, तसं पाऊल उचललं की सांध्यातला द्रव पोषण घेऊन कूर्चेत शिरतो. पाऊल टेकलं, भार पडला, की बाहेर पडतो. ही भरती-ओहोटी पावलागणिक चालते. धावून आल्यावर गादी किंचित पातळ झालेली असते, काही तासांत ती पुन्हा फुगते.

पण धावताना दणका मोठा बसतो ना? बसतो. गुडघ्यावरचा सर्वाधिक भार चालताना वजनाच्या पावणेतीनपट, तर धावताना आठपटीच्या आसपास जातो. मात्र ढांग लांब पडते आणि पाय जमिनीला टेकतो तो क्षणभरच. संशोधक रॉस मिलर यांनी 2014 साली हिशेब मांडला, तेव्हा तेवढ्याच अंतराला एकूण भार दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला!

2017 सालच्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, न धावणाऱ्या बैठ्यांपैकी 10.2 टक्क्यांना आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांपैकी 13.3 टक्क्यांना. यावरून धावणं हेच औषध म्हणू नका. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं आधीच सोडतात, त्यामुळे हौशींचा आकडा थोडा गोड दिसणारच.

गुडघ्याची गादी किती टिकते, याचा माझा आवडता पुरावा मात्र अणुबॉम्बचा आहे. 1963 पर्यंतच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला, मग हळूहळू उतरत गेला; अंगातल्या एखाद्या भागात तो किती, यावरून तो भाग कधी बनला ते कळतं. डेन्मार्कच्या काट्या हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये गुडघ्यांच्या कूर्चेतला हा कार्बन मोजला. कोलॅजन, म्हणजे गादीचा सांगाडा, निघालं ज्याच्या त्याच्या वाढत्या वयातलं! म्हणजे साठीच्या आजोबांच्या गुडघ्यात शाळकरी वयातलं कोलॅजन. धावणाऱ्यांना चमचा-चमचा कोलॅजन पावडर विकणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आणि आपल्याकडचं काम आपल्यालाच ठाऊक नसतं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली. 18 टक्क्यांवर प्रौढांना सांध्या-स्नायूंची दुखणी होती आणि त्यात गुडघेदुखी ठळक होती. भिगवणात तेव्हा मॅरेथॉनवाले असे कितीसे असणार? वर्षानुवर्षं उकिडवं बसून काम, डोक्यावरची ओझी, वाढलेलं वजन, जुनी दुखापत... गुडघ्याचे खरे वैरी हे.

धावणाऱ्यांचा घात करते ती घाई. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आणि डिसेंबरात सराव सुरू, म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. इथे तर अक्षरशः!

तर ताई, धावा. गुडघा सुजला किंवा जिना उतरताना दुखला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि सासूबाईंना सोबत चालायला न्या. भरती-ओहोटी चालण्यानेही होते.