अंतर्गत विस्थापित आणि मानवी व्यापारापासूनचे कायदेशीर संरक्षण : आजरा तालुक्याच्या संदर्भात

देशाची सीमा ओलांडणाऱ्या निर्वासितासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. (भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही, हा भाग वेगळा.) आपल्याच राज्यात गाव गमावणाऱ्यासाठी मात्र संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी आहेत आणि ती बंधनकारक नाहीत. त्यांतील सहावे तत्त्व सबळ सार्वजनिक हिताविना विकास प्रकल्पांसाठी होणाऱ्या विस्थापनास मनाई करते; अकरावे तत्त्व गुलामगिरी, विवाहासाठी विक्री, लैंगिक शोषण व बालमजुरीची सक्ती यांपासून संरक्षण सांगते. विस्थापन आणि मानवी व्यापार यांचा संबंध तेथे गृहीत धरला आहे. भारतीय कायद्यात तो तुटलेला दिसतो.

आजरा तालुक्याचे उदाहरण येथे विस्थापनाचे म्हणून घेतले आहे, मानवी व्यापाराचे म्हणून नव्हे. चित्री, उचंगी, सर्फनाला व आंबेओहोळ या प्रकल्पांनी या डोंगराळ तालुक्यात पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ जागता ठेवला. उचंगीच्या धरणग्रस्तांनी तर श्रमिक मुक्ती दलाच्या साहाय्याने कमी जमीन बुडविणारा पर्यायी आराखडाच मांडला. अशी संघटना जेथे नसते, तेथे धोका कोठून सुरू होतो हे महाराष्ट्राच्या १९९९ च्या पुनर्वसन कायद्यातील एका तरतुदीवरून कळते. पर्यायी जमीन हवी असल्यास मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम शासनाकडे भरावी लागते. मोबदला कर्जफेडीत वा घरभाड्यात संपलेल्या कुटुंबाच्या हाती मग जमीनही नसते व पैसाही नसतो. मुकादमाची उचल अशाच वेळी आधार वाटते.

या अगतिकतेचा फायदा घेणे हा गुन्हा आहे काय? राज्यघटनेचा अनुच्छेद २३ मानवी व्यापार व वेठबिगारीस मनाई करतो. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक विवंचनेतून येणारी सक्ती हीही सक्तीच मानली. २००० च्या पालेर्मो शिष्टाचारातही, जो भारताने २०११ मध्ये अनुसमर्थित केला, असहाय स्थितीचा गैरफायदा घेणे हे मानवी व्यापाराचे एक साधन म्हणून नमूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मात्र धमकी, बळ, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर व प्रलोभन एवढीच साधने आहेत. असहायता त्यात नाही. त्या कलमाच्या शोषणाच्या स्पष्टीकरणात सक्तीच्या मजुरीचा स्वतंत्र उल्लेखही नाही. मानवी व्यापारास किमान ७ वर्षे सश्रम कारावास आहे, तर बेकायदेशीर सक्तीच्या मजुरीस कलम १४६ नुसार कमाल १ वर्ष. तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदली जाते, यावर विस्थापित मजुराचे पुष्कळसे भवितव्य ठरते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानले आणि सिंचन प्रकल्पात बुडिताच्या ६ महिने आधी पुनर्वसन पूर्ण करण्याचे बंधन घातले. गुन्हा घडण्यापूर्वीचे संरक्षण म्हणून या दोन तरतुदी फौजदारी कलमांहून अधिक उपयुक्त ठरतात. कारण स्वतःच्या नावे भूखंड असलेल्या स्त्रीला उचल नाकारता येते.